मागच्या शोधाचं काय करायचं?

शोधनोंदी वाचणं हा माझ्या नोकरीचा एक भाग आहे. आमच्याकडे अहवालांचा आणि लेखांचा मोठा साठा आहे, त्यावर आमचं स्वतःचं सर्च बसवलेलं आहे. लोक त्यात काय टाइप करतात, कशावर क्लिक करतात, काय न उघडताच निघून जातात, हे नाव-गाव काढून टाकलेल्या स्वरूपात माझ्यापुढे येतं. ऐकणाऱ्याला हे काम रुक्ष वाटतं. एकेक ओळ सुटी वाचली तर ते रुक्ष आहेही. पण एकाच माणसाच्या पाच-सात ओळी लागोपाठ वाचल्या की त्यांच्यामागचा जीव दिसायला लागतो. आधी तो निर्धास्तपणे एकच शब्द टाकतो. ढीगभर निकाल आले की दुसरा शब्द जोडतो. मग पहिला काढून टाकतो. मग ऱ्हस्व-दीर्घ बदलून बघतो. मग एकदम अख्खं वाक्य लिहितो, प्रश्नचिन्हासकट. आणि कधीकधी, सगळं करून झाल्यावर, वैतागून पुन्हा तोच पहिला शब्द.

हे वाचताना मला एक गोष्ट नेहमी खटकायची. ह्या माणसाने गेल्या दहा मिनिटांत केवढं काय काय सांगून ठेवलंय, आणि यंत्र मात्र त्याच्या प्रत्येक ओळीला कोऱ्या चेहऱ्याने सामोरं जातंय. तिसऱ्या ओळीतला शब्द पहिल्या दोन ओळींशिवाय कळणं शक्य नाही, आणि त्या दोन ओळी यंत्राने केव्हाच टाकून दिलेल्या. पुढे हे बदललं. आधीचे शोध ध्यानात घेऊन पुढचे निकाल लावणं आता सर्चच्या धंद्यात रोजचं झालंय. त्याने माझं खटकणं थांबलं नाही, त्याची जागा फक्त बदलली.

घरचंच उदाहरण देते. वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा एका संध्याकाळी मी फोनवर वाचत बसले होते. ‘मोतीबिंदू ऑपरेशन’ शोधलं, एक-दोन पानं नीट वाचली. मग ‘ऑपरेशननंतर काळजी’ शोधलं. आणि मग नुसतंच ‘लेन्सचे प्रकार’. आता ह्या दोन शब्दांकडे सुटं बघा. शाळकरी मुलासाठी ती बहिर्वक्र आणि अंतर्वक्र भिंगं आहेत. फोटो काढणाऱ्यासाठी झूम, प्राइम, मॅक्रो. चष्म्याला कंटाळलेल्यासाठी कॉन्टॅक्ट लेन्स. मला हवी होती डोळ्यात बसवायची कृत्रिम भिंगं: एकाच अंतरावरचं स्वच्छ दाखवणारं मोनोफोकल, दूरचं आणि जवळचं दोन्ही साधू पाहणारं मल्टिफोकल, पारपटलाच्या वक्रतेतला दोष सांभाळून घेणारं टोरिक. आणि पहिल्या निकालापासून तीच आली. ‘डोळा’ हा शब्दसुद्धा मी लिहिलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तोच फोन भाचीच्या हातात होता. शाळेच्या प्रकल्पासाठी तिनेही नेमके तेच शब्द टाकले, आणि ऑपरेशनची चित्रं बघून तोंड वाकडं केलं.

“आत्या, हे काय भलतंच येतंय?”

मी म्हटलं, पुढे ‘भौतिकशास्त्र’ जोड. तिने जोडलं, काम झालं, पण तिचं समाधान झालं नाही. “मी तर हे पहिल्यांदाच शोधतेय ना?” तिच्या बाजूने ते शंभर टक्के खरं होतं. फोनच्या लेखी ते कालच्याच कामाचं पुढचं पाऊल होतं.

दोन्ही वेळा यंत्राने एकच गोष्ट केली. एकदा तिला हुशारी म्हणावंसं वाटलं, एकदा आगाऊपणा.

ग्रंथालयात संदर्भ-टेबलामागे बसणाऱ्यांना यातलं मर्म फार पूर्वीपासून ठाऊक होतं. रॉबर्ट टेलर ह्या ग्रंथपालाने १९६८ साली वाचकाच्या प्रश्नाच्या चार अवस्था मांडल्या. पहिली नुसती आतली चुटपुट, जिला अजून शब्द नाहीत. दुसरी मनातल्या मनात घोळणारी धूसर गोष्ट. तिसरी नीट बांधलेलं वाक्य. आणि चौथी, समोरच्या व्यवस्थेला काय पेलेल याचा अंदाज घेऊन माणूस प्रत्यक्षात जे विचारतो ते. चौथीचं नाव टेलरने तडजोडीवरूनच ठेवलं आहे. चांगला ग्रंथपाल ह्या चौथ्या अवस्थेतल्या प्रश्नाला हुरळून जात नाही. तो चार उलट प्रश्न विचारून माणसाला तिसऱ्या, जमलं तर दुसऱ्या अवस्थेपर्यंत मागे नेतो. सर्चच्या चौकटीत पडतं ते सगळं चौथ्या अवस्थेतलं, आणि उलट विचारायला तिथे कुणी नाही. १९९८ साली अल्टाव्हिस्टा ह्या तेव्हाच्या सर्च इंजिनाच्या सहा आठवड्यांच्या, जवळपास शंभर कोटी नोंदी अभ्यासल्या गेल्या, तेव्हा एका शोधात सरासरी २.३५ शब्द निघाले. एवढ्याशा ऐवजावरून मनातलं ओळखायचं म्हणजे कठीणच. उलट प्रश्न विचारायची सोय नाही म्हटल्यावर माणसाने आधी काय विचारलं होतं तेवढाच एक आधार उरतो.

तो आधार वापरायची रीत वेबपेक्षा जुनी आहे, आणि तिचं जुनं रूप मला आजही सगळ्यांत सरळ वाटतं. लॉकहीड ह्या अमेरिकी विमान-कंपनीत तयार झालेली डायलॉग ही माहिती शोधायची सेवा १९७२ साली व्यावसायिक झाली. तिच्यात तुम्ही केलेल्या प्रत्येक शोधाचा एक संच व्हायचा आणि त्याला क्रमांक मिळायचा. पुढच्या शोधात तो क्रमांक घालून दोन संच एकमेकांत गुंफायचे, किंवा एकातून दुसरा वजा करायचा. वैद्यकीय संशोधनासाठी वापरलं जाणारं पबमेड अजूनही ही सोय देतं. त्याच्या प्रगत शोधाच्या पानावर तुमच्या आधीच्या शोधांची क्रमवार यादी असते. #१ मध्ये आजार, #२ मध्ये उपचार, मग नुसतं ‘#१ अँड #२’, म्हणजे दोन्हींत सापडणारं तेवढंच. आठ तास काही हालचाल झाली नाही तर ही यादी आपोआप पुसली जाते. इथे यंत्र काहीही गृहीत धरत नाही. कुठला मागचा शोध पुढे न्यायचा आणि कुठला मागेच सोडायचा, हे बोटं चालवणारा ठरवतो. अर्थात त्यासाठी अँड, ऑर, नॉट अंगवळणी पडलेलं असावं लागतं. ज्यांचा रोजचा व्यवसायच शोधायचा होता त्यांना ते जमलं. बाकीच्यांना ते करायचंच नव्हतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मधला एक मार्गही निघाला होता. आलेल्या निकालांतले कामाचे कुठले, बिनकामाचे कुठले एवढंच माणसाने सांगायचं. कामाच्यांमधल्या शब्दांकडे यंत्र मूळ शोध सरकवणार, बिनकामाच्यांपासून दूर नेणार. स्मार्ट ह्या सर्चवरच्या जुन्या संशोधन-प्रकल्पात रॉकिओ ह्या संशोधकाने बसवलेलं हे सूत्र १९७१ मध्ये छापलं गेलं आणि अजूनही शिकवलं जातं. सूत्र उत्तम, अडचण माणसांची. खुणा कोण करत बसणार? निकालांखाली ‘हे उपयोगी पडलं का?’ असं विचारणारी छोटी बटणं आम्हीही लावून पाहिली आहेत. ती दाबतात ती माणसं बहुतेक वेळा रागावलेली असतात.

मग संशोधकांनी विचारणंच सोडून दिलं आणि माणूस जे आपसूक करतो त्यातूनच खुणा काढायला घेतल्या. पान उघडून तीस सेकंद किंवा जास्त थांबला तर त्याला काहीतरी मिळालं असं समजायचं, लगेच मागे आला तर नाही. २००५ साली इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. चालू शोधात आधीच्या शोधांचे शब्द मिसळले तर किती फायदा होतो, आणि आधी क्लिक केलेल्या निकालांच्या सारांशातले शब्द मिसळले तर किती, हे त्यात ताडून पाहिलं. क्लिकचा फायदा बराच जास्त निघाला. विचार केला तर पटतं. ‘मोतीबिंदू ऑपरेशन’ हे माझे दोनच शब्द. पण मी उघडलेल्या पानाच्या सारांशात कृत्रिम भिंग होतं, नेत्रतज्ज्ञ होते, दूरची नजर आणि जवळची नजर होती. मला लिहायला न सुचलेले शब्द मी वाचलेल्या पानाने लिहून दिले. ‘लेन्सचे प्रकार’ला डोळा सापडला तो बहुधा ह्याच वाटेने.

माझ्या मते खरी गंमत मात्र शब्दांमध्ये नाही, शब्दांच्या बदलामध्ये आहे. एका शोधाकडून दुसऱ्याकडे जाताना माणूस काय तसंच ठेवतो, काय जोडतो आणि काय टाकतो. जॉर्जटाऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हा बदलच हाताशी धरला. त्यांचा विचार साधारण असा: दोन्ही शोधांत कायम राहिलेले शब्द म्हणजे विषयाचा गाभा, त्यांना वजन द्या. नवा जोडलेला शब्द आधी पाहिलेल्या पानात होता का, की माणसाने तो बाहेरून आणला, यावर त्याचं वजन ठरवा. टाकलेला शब्द आधीच्या पानात भरपूर असेल, तर त्या अंगाने माणसाचं एकतर भागलंय किंवा त्याला ते नकोय. काहीही असलं तरी त्याचं वजन उतरवा.

आमच्या नोंदींत हे रोज दिसतं. कुणी ‘पूर व्यवस्थापन अहवाल’ शोधतो, वीस-पंचवीस सेकंद निकाल चाळतो आणि मग ‘पूर व्यवस्थापन नकाशे’ करतो. ‘अहवाल’ गेला, ‘नकाशे’ आले. ह्या एका बदलात अख्खं वाक्य आहे: विषय बरोबर पकडलात, पण मजकूर नको, चित्रात दाखवा. आता अहवाल शब्दामुळे वर आलेली तीच पानं जर पुन्हा वर आली, तर तो मनुष्य आपल्याला मूर्ख म्हणणार, आणि म्हणू दे. शोधणारा ‘नको’ असं कधी लिहीत नाही. तो गुपचूप शब्द बदलतो, आणि त्याचा नकार तिथेच नोंदला जातो.

मराठीत शोधणाऱ्यांच्या बाबतीत ह्या बदलाला आणखी एक पदर आहे. ‘मोतीबिंदू’ एकदा दीर्घ, एकदा ऱ्हस्व. मग तेच रोमन लिपीत. मग हार मानून इंग्रजी शब्द. तीन-चार ओळी, अर्थ एकच. शब्दकोशाच्या मदतीशिवाय यंत्राला हे चारही एकच आहेत हे शिकवायचं असेल तर लागोपाठच्या अशा ओळींसारखा शिक्षक नाही. याहूच्या संशोधकांनी २००६ साली बऱ्याच अंशी हेच केलं होतं: एकाच बैठकीत, म्हणजे एका दमात लागोपाठ केलेल्या शोधांत, लोक कुठल्या शोधाच्या जागी पुढे कुठला शोध ठेवतात याच्या जोड्या मोजल्या, आणि योगायोगापेक्षा जास्त वेळा येणाऱ्या जोड्यांवरून एका शब्दाला दुसरा पर्याय सुचवला. म्हणजे कुणा अनोळखी माणसाची काल झालेली चिडचिड आज माझ्या चुकलेल्या वेलांटीला सांभाळून घेते. ह्या एका उपयोगाबद्दल मला आधीच्या शोधांच्या नोंदींविषयी मनापासून ममत्व आहे.

आता कठीण भाग. बैठक कुठे संपते?

पुढचं सगळं ह्यावर अवलंबून आहे. आधीचे शोध वापरायचे तर कुठपासूनचे आधीचे, हे आधी ठरायला हवं. सुरुवातीला लोकांनी घड्याळ लावलं. १९९५ साली जॉर्जिया टेकमध्ये ब्राउझर वापरणाऱ्यांच्या हालचालींवरून साडेपंचवीस मिनिटांची मर्यादा निघाली. नंतर सोयीचा अर्धा तास रूढ झाला: तीस मिनिटं शांतता म्हणजे जुनी बैठक संपली. हिशेबाला हे फार सोपं, म्हणून ते टिकलं. माणसं मात्र तशी वागत नाहीत. जेवायला उठलेला माणूस तासाभराने परत येऊन तेच काम पुढे नेतो, आणि दुसरा एकाच मिनिटात बँकेच्या फॉर्मवरून क्रिकेटच्या स्कोअरवर आणि तिथून परत फॉर्मवर येतो. दोन संशोधकांनी २००८ मध्ये हातांनी खुणा केलेल्या नोंदींवर हे तपासलं. वेळेची मर्यादा कितीही ठेवली तरी एक काम कुठे संपून दुसरं कुठे सुरू होतं हे ओळखण्यातली अचूकता ७० टक्क्यांच्या वर जाईना. कामं एकमेकांत गुंतलेली असतात, मोठ्या कामाच्या पोटात छोटी असतात. घरी सहल ठरवायची असेल तर तिकिटं, हवामान, राहायची जागा आणि मध्येच गुडघ्याच्या दुखण्यावरचा उपाय, हे सगळं एकच की चार वेगळी? आईच्या गुडघ्यांसाठी पायऱ्या नसलेली जागा शोधत असेन तर एकच. नुसता गुडघा दुखत असेल तर वेगळं. नोंदीत दोन्ही अगदी सारखी दिसतात.

म्हणून लक्षात ठेवण्यापेक्षा वेळेवर विसरणं अवघड आहे असं मला वाटतं. साठवण्याचं तंत्र कधीच सुटलंय. ‘हे आधीच्यापैकी नाही’ हे ओळखण्यात अजून सगळे चाचपडतात. भाचीच्या हातात फोन गेला तेव्हा घड्याळाने खरं तर तिची बाजू घ्यायला हवी होती. रात्र उलटून गेली होती. पण फोनमधली मोठी सर्च इंजिनं अर्ध्या तासाच्या हिशेबावर थांबलेली नाहीत. गूगलने खातं उघडून शोधणाऱ्यांसाठी आधीच्या शोधांवरून निकाल लावायला २००५ मध्ये सुरुवात केली, आणि डिसेंबर २००९ पासून खात्यात न शिरलेल्यांसाठीही, ब्राउझरमधल्या कुकीशी, म्हणजे त्यात ठेवलेल्या छोट्या ओळखखुणेशी, जोडलेल्या १८० दिवसांपर्यंतच्या हालचालींवरून. एवढ्या काळात एका घरातल्या एका यंत्रावर किती हात फिरतात!

इथे दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. मी आत्ता काय करतेय हे ओळखणं एक, आणि मी कोण आहे हे ठरवून टाकणं दुसरं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दोन्हींचं माप एकत्र घेतलं. बैठकीच्या पहिल्या शोधाला, जेव्हा चालू कामाबद्दल काहीच हाती नसतं, तेव्हा जुना इतिहास उपयोगी पडतो. बैठक लांबली की आत्ताच्या बैठकीतले शोध त्याला मागे टाकतात. मला हा निष्कर्ष वाचून बरं वाटलं होतं, कारण माझा कल आधीपासून तिकडेच होता. चालू कामातले चार शोध वापरा, खुशाल वापरा. ते मी तुमच्या समोरच, त्याच कामासाठी टाकले आहेत. सहा महिन्यांपूर्वी मी रात्री काय वाचत होते त्यावरून माझ्या आजच्या निकालांचा क्रम लावू नका. त्यातून मिळणारा फायदा थोडा आणि त्यासाठी साठवावं लागणारं सामान भयंकर आहे.

भयंकर हा शब्द मी मुद्दाम वापरलाय. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल ह्या अमेरिकी इंटरनेट कंपनीने संशोधनासाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतले जवळपास दोन कोटी शोध जाहीर केले. नावं काढून त्यांच्या जागी क्रमांक घातले होते. काही दिवसांतच पत्रकारांनी एका क्रमांकाचे शोध सलग वाचून जॉर्जिया राज्यातल्या एका वृद्ध बाईंचं दार गाठलं. त्यांच्या गावाबद्दलचे शोध, आडनावाचे शोध, दुखण्यांचे शोध. सुटे असते तर एकानेही काही सांगितलं नसतं. कंपनीने तो साठा मागे घेतला, तिच्या तंत्रज्ञानप्रमुखांनी राजीनामा दिला, आणि तोवर त्याच्या प्रती सगळीकडे पोचल्या होत्या. ज्या सलगपणामुळे ‘लेन्सचे प्रकार’चा अर्थ लागतो, त्याच सलगपणामुळे माणूस सापडतो. ह्यातलं एक ठेवून दुसरं टाळण्याचा उपाय सोपा नाही. साठवण्याचा काळ कमी करणं आणि शक्य तितकं माणसाच्या स्वतःच्या यंत्रावरच ठेवणं, एवढंच आमच्यासारख्यांच्या हातात आहे. इलिनॉयच्याच गटाने असं ब्राउझरमध्येच राहणारं साधन तेव्हा करूनही दाखवलं होतं.

आणखी एक दुखणं, कमी चर्चेतलं. सगळेच शोध नवं काही मिळवायला नसतात. याहूच्या नोंदींवर २००७ मध्ये झालेल्या अभ्यासात ४० टक्क्यांपर्यंत शोध आधी पाहिलेलंच पान पुन्हा गाठण्यासाठी असल्याचं निघालं. अशा वेळी आधीच्या शोधांची आठवण सोन्यासारखी. परवा उघडलेलं पान आज पहिलं आणून ठेवलं की झालं. पण यंत्र त्याच आठवणीने निकालांचा क्रमही हलवत असेल, तर परवा चौथ्या जागी दिसलेलं पान आज तिथे नसतं, आणि ‘चौथं होतं की ते’ एवढंच आठवणारा माणूस गोंधळतो. त्याच अभ्यासात दिसलं की क्रम बदलला की पुन्हा गाठायला वेळ जास्त लागतो. मदतही आठवणीचीच, अडथळाही तिचाच.

माहितीशास्त्राच्या अभ्यासक मार्शिया बेट्स यांनी १९८९ मध्ये म्हटलं होतं की शोधताना माणसाचा प्रश्नच बदलत जातो. त्याला उत्तर एका जागी मिळत नाही, ते इकडून-तिकडून वेचत जावं लागतं. आधीच्या शोधांना जास्त मान दिला की ही वेचणी आखडते. आमच्याकडे एकजण एका जुन्या सर्वेक्षणाचा मागोवा घेत होता, आणि पहिल्याच शोधात त्याने खात्याचं नाव चुकीचं धरलं होतं. नोंदी वाचताना मला ते दुसऱ्या ओळीतच कळलं. यंत्राला कळायचं कारण नव्हतं. ते इमानेइतबारे प्रत्येक पुढच्या शोधाला त्या खात्याकडे थोडं थोडं ओढत राहिलं, आणि तो माणूस जितका नेमका होत गेला तितका योग्य कागदापासून लांब गेला. त्याने खात्याचं नाव लिहिणं सोडलं तरी ओढ कायम होती. मागच्या शोधांवर चालणाऱ्या सगळ्या पद्धतींत हा धोका आहे: पहिली समजूत चुकीची असेल तर ती पक्की करत नेणं. त्यापुढे जुना कोऱ्या चेहऱ्याचा सर्च परवडला, असं त्या दिवशी वाटून गेलं.

अलीकडे संवाद करत शोधायची रीत आली आहे, आणि तिने हा प्रश्न उघड्यावर आणला. अमेरिकेच्या मानके आणि तंत्रज्ञान संस्थेच्या ट्रेक ह्या उपक्रमात २०१० ते २०१४ सलग बैठकींतल्या शोधांवर स्पर्धा झाली, आणि २०१९ पासून चार वर्षं संवादातून चालणाऱ्या शोधावर. त्यातल्या एका संवादाची सुरुवात अशी आहे: घशाचा कर्करोग म्हणजे काय? तो बरा होतो का? फुप्फुसाच्या कर्करोगाबद्दल सांगा. त्याची लक्षणं कोणती? इथे ‘त्याची’ म्हणजे कशाची, हे तुम्हा-आम्हाला न थांबता कळतं. यंत्राला थांबावं लागतं. बहुतेक पद्धती हे असं सोडवतात की मागचे प्रश्न वाचून चालू प्रश्न स्वतःच नव्याने लिहायचा, ‘फुप्फुसाच्या कर्करोगाची लक्षणं कोणती?’, आणि मग तो पूर्ण प्रश्न घेऊन शोधायला जायचं. ‘घशाच्या’ असं लिहून बसलं, तर उत्तर अस्खलित येतं, आत्मविश्वासाने येतं, आणि दुसऱ्याच आजाराचं असतं.

हा नव्याने लिहिलेला प्रश्न सहसा माणसाला दिसत नाही. मला ह्या सगळ्या विषयात खटकतं ते आता हे. माझ्या मागच्या चार ओळींचा तुम्ही काय अर्थ लावलात ते एका ओळीत लिहून तुमच्याकडे तयार आहे. मग ती ओळ दाखवायला काय हरकत? ग्रंथपाल पुस्तक आणायला उठण्याआधी “म्हणजे तुम्हाला अमुक हवंय ना?” असं म्हणायचा. तेवढ्यात गैरसमज निस्तरायचा.

आमच्या सर्चमध्ये मी ती ओळ घालून घेतली आहे. निकालांच्या वर बारीक अक्षरांत ‘आधीच्या शोधावरून “पूर व्यवस्थापन” धरलं आहे’ असं येतं आणि शेजारी एक फुली. फुली दाबली की मागचं सगळं बाजूला पडतं आणि आत्ता लिहिलेल्या शब्दांचेच निकाल येतात. तांत्रिकदृष्ट्या ह्यात काहीच मोठं नाही. ती फुली फार थोडे लोक दाबतात, म्हणून ओळ काढून टाकावी, जागा खाते, असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं आहे. माझं म्हणणं, दाबत नाहीत कारण बहुतेक वेळा आपण बरोबर धरलेलं असतं, आणि ज्यांच्या बाबतीत चुकतो त्यांना दुसरा मार्गच नाही. त्या चुकीच्या खात्यात अडकलेल्या माणसाच्या वेळी ही फुली असती तर त्याने दाबली असती की नाही, यावर आम्ही परवाच्या मीटिंगमध्ये तासभर भांडलो. ओळ सध्या आहे. पुढच्या महिन्यात तिच्यावर पुन्हा चर्चा आहे, आणि तोवर मी फुली दाबणाऱ्यांच्या पुढच्या ओळी वाचून काढतेय.